आत कापड, बाहेर कपाळ

स्वतःच्या घराच्या दाराशी उभं राहून बाईंनी किल्लीसाठी पिशवीत हात घातला आणि हाताला लागला बूट. तोही एकटाच, लाल, टीचभर, कुणा लहान पोरीचा. बाईंनी तो उलटा करून झटकला, जणू किल्ली त्यात जाऊन झोपली असावी. मग पुन्हा हात घातला. मलमाची नळी निघाली, मधोमध पिळून सपाट झालेली. आणि सगळ्यात खाली, कागदात गुंडाळलेली कापडाची बाहुली.

“अगं बाई,” बाई म्हणाल्या, “ही माझी पिशवीच नव्हे.”

हे त्या भिंतीला म्हणाल्या. घरी बोलायला त्यांना भिंतच होती. भिंत उलट बोलत नाही, एवढाच तिचा गुण.

बाईंचा पडदे शिवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांब खोली, सहा शिलाई मशीन, कापड बेतायचं भलंमोठं टेबल आणि बाईंचा आवाज. मागे एका हॉटेलच्या पडद्यांचं हिरवं कापड उरलं, तेव्हा “टाकून कशाला द्यायचं” म्हणून बाईंनी सगळ्यांसाठी एकसारख्या पिशव्या शिवून घेतल्या. स्वतःलाही एक. ज्याची त्याची खुंटी ठरलेली, त्यामुळे घोटाळा कधी झाला नाही. पण आज भिंतीला रंग द्यायला माणूस आला, त्यानं खुंट्या उपटल्या आणि सगळ्या पिशव्या स्टुलावर ढीग करून टाकल्या. “बाई, पिशव्यांवर काहीतरी खूण करू या का?” असं कड्या लावणारी पोरगी मागे म्हणाली होती. त्यावर बाई म्हणाल्या होत्या, “ज्याला स्वतःची पिशवी ओळखता येत नाही, त्यानं ती गळ्यात बांधून हिंडावं.” आता गळा कुणाचा, ते दिसतच होतं.

घराची किल्ली, कारखान्याची किल्ली, चष्मा, फोन, सगळं त्या दुसऱ्या पिशवीत. आणि ती पिशवी गेली कुठे? तर हिचा मालक जिथे राहतो तिथे. म्हणजे प्रश्न अगदी सोपा होता. ही पिशवी कुणाची?

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि विचार करू लागल्या. लहान पोरगी कुणाच्या घरात आहे? इस्त्रीवाल्याच्या? त्याचं लग्न तरी झालंय का? मशीनवरच्या दोघी बहिणी आहेत की जावा? दुखतं कुणाचं काय? कुणी लंगडतं का, कण्हतं का? बाईंना एकेकाची शिलाई डोळे मिटून ओळखता आली असती. कुणाचा टाका सैल, कुणाचा आखूड, कुणाची दुमड तिरकी जाते, सगळं पाठ. पण शिवणारं माणूस संध्याकाळी उठून कुणाकडे जातं, हे मात्र कोऱ्या कापडासारखं कोरं.

आणि ते तसं असावं, हा नियमही बाईंचाच. कारखान्याच्या उंबऱ्याशी चपला काढायच्या, आणि चपलांबरोबर घरही तिथेच काढून ठेवायचं. “आत कापड, बाहेर कपाळ,” असं बाईंनी ठणकावून सांगितलं होतं. कुणाचं पोर आजारी, कुणाची सासू रुसली, कुणाच्या छताला गळती लागली, ते कपाळ ज्याचं त्यानं बाहेर ठेवावं. बाईंचे यजमान होते तोवर असं नव्हतं. विचारपूस हे यजमानांचं खातं. सकाळी आले की एकेका मशीनपाशी थांबून “काय, बरंय ना घरी?” करत ते तासभर घालवायचे, आणि बाई टेबलापाशी दात-ओठ खायच्या. सहा-सात वर्षांपूर्वी ते गेले. चौथ्या दिवशी बाई कारखान्यात आल्या, तर सगळे मशीन थांबवून उभे. कुणीतरी “बाई, तुम्ही कशा—” एवढं म्हणालं. बाईंनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. नियम तेव्हाच झाला. त्यानंतर बाईंना कुणी काही विचारलं नाही, बाईंनी कुणाला विचारलं नाही. काम मात्र बघत राहावं असं होत होतं.

बाईंनी बाहुली कागदातून बाहेर काढली आणि चष्मा नसतानाही त्यांचे डोळे विस्फारले. बाहुलीचा झगा लाल मखमलीचा होता. ही मखमल त्यांनी बोटांनीच ओळखली. नव्या नाटकगृहाचा पडदा! कालच टेबलावर कापला होता!

“चोरी,” बाई म्हणाल्या. “माझ्या कारखान्यात! माझ्या नाकाखाली!”

चोर सापडला होता. तो कोण, तेवढंच कळायचं बाकी होतं.

तेवढ्यात समोरचं दार बोटभर उघडलं. समोरच्या शेजारणीचा एक डोळा कायम दाराच्या भोकाला असे. दुसरा डोळा तिला आहे की नाही, हे बाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

“अशा का हो बसलात जिन्यात?”

“हवा खातेय.”

“जिन्यात?”

“इथे बरी येते.”

“किल्ली हरवली का? माझ्याकडे येऊन बसा हवं तर.”

“किल्लीला काय झालंय? आणि मला बसायला वेळ कुठंय, बाहेरच निघालेय.” बाई ताडकन उठल्या. मेलं तरी चालेल, पण या बाईच्या खुर्चीत बसून हिच्या चौकशा ऐकायच्या नाहीत, असा त्यांचा पण होता. त्याला कारणही होतं. दर रविवारी बाई ठेवणीतले कपडे घालून सकाळी बाहेर पडत. शेजारीण विचारी, “आज कुठे?” बाई ऐटीत सांगत, “बोलावणं आहे. नाही म्हणवत नाही लोकांना.” आणि जिना उतरून थेट बंद कारखान्यात जाऊन बसत. एकट्याच. डबा खात, उसवलेलं काही शिवत, आणि दिवस मावळला की परत येत. रविवारी घरात बसलं की भिंत फार बोलू लागे. मुलगा समुद्रापलीकडे होता. तोही रविवारीच फोन करायचा. “कशी आहेस आई?” विचारायचा, आणि बाई श्वास घेईपर्यंत “बरं, ठेवतो” म्हणायचा.

“बोलावणं वाटतं?” शेजारणीचा डोळा म्हणाला.

“हो तर. बोलावणंच.” बाई लाल बूट मुठीत धरून जिना उतरल्या.

कारखान्याला कुलूप होतं. किल्लीशिवाय नुसतं दाबून बसणारं, आणि बाईंनीच दाबलेलं, म्हणून त्याला बोलही लावता येईना. पायरीच्या बाजूला भिंतीला टेकून चपला शिवणारा म्हातारा आपली अवजारं गोळा करत होता. कारखाना निघाल्यापासून तो तिथे बसत होता आणि बाई त्याच्यासमोरून रोज जात होत्या, दोन वेळा, न बघता. पण अडला हरी काय करील? बाईंनी बूट त्याच्यापुढे धरला.

“हा कुणाचा, सांगता येईल?”

म्हाताऱ्यानं बुटाकडे पाहिलं, मग बाईंकडे. “आत्ता दुपारीच तर पट्टी शिवून दिला. मास्तरांच्या नातीचा.”

“मास्तरांना नात आहे?”

म्हाताऱ्याच्या हातातली आरी तशीच राहिली. “बाई, मास्तर तुमच्याकडे किती वर्षं कापड कापतात?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग पोरगी आता शाळेत जाते म्हटल्यावर...” म्हाताऱ्यानं वाक्य सोडून दिलं. सोडलेलं वाक्य पुऱ्या वाक्यापेक्षा जास्त लागतं. “तुम्ही लवकर येऊन आत जाता ना बाई, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. तुमची सगळी माणसं सकाळी आधी या पायरीवर बसतात. अख्खं घरदार बोलून रिकामी होतात, मग चपला काढतात. इथे बसून बसून माझी आठ-दहा कुटुंबं झालीयेत. फुकटात.”

“मला पत्ता सांगा,” बाई म्हणाल्या. “कुटुंबं तुमची तुम्ही सांभाळा.”

पूल ओलांडून, सायकलच्या दुकानावर, दुसरा मजला, घंटा वाजत नाही ते दार. बाई पुलावरून तरातरा निघाल्या. मास्तर! ज्याच्या कात्रीवर डोळे मिटून विश्वास टाकला, तो मास्तर मखमल चोरतो! काय काय बोलायचं त्याची जुळणी करत त्या चालल्या होत्या. “पगार पुरला नाही तर तोंडानं मागायचं होतं” हे सुरुवातीला, “उद्यापासून येऊ नका” हे शेवटाला, आणि मधे जे सुचेल ते. बाईंना मधलं नेहमीच सुचायचं. कामगार त्यांना पाठीमागे ‘कात्री’ म्हणत, ते काही उगीच नव्हे.

घंटा वाजली नाही, म्हणून बाईंनी दारावर धपाटा घातला. दार उघडलं ते मास्तरांच्या बायकोनं. एक हात चौकटीला, वजन सगळं एका पायावर. बाईंनी तोंड उघडलं, “मास्तर आहेत का घरी? मी कारखान्याची—”

“अगं बाई! पडद्याआजी!” हे बायको म्हणाली नाही. हे तिच्या मागून आलं, आणि पाठोपाठ एक चिमुरडी बाणासारखी सुटून बाईंच्या गुडघ्यांना येऊन बिलगली. “बाहुली आणली! पडद्याआजी स्वतः बाहुली घेऊन आली!”

बाईंच्या हातातली जुळणी गळून पडली.

“या ना ताई, या,” मास्तरांची बायको लगबगीनं खुर्ची पुसू लागली. “हे तुमच्याकडेच गेलेत बघा! घरी येऊन पोरीला बाहुली द्यायला पिशवीत हात घातला, तर हातात हा एवढा किल्ल्यांचा जुडगा. म्हणाले, बाई दारात उभ्या असतील. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. बसनं गेले. आणि तुम्ही बिचाऱ्या, पोरीची बाहुली चुकू नये म्हणून एवढ्या लांब चालत आलात! हे नेहमी म्हणतात, ‘बाईंचा जीव आपल्या घरात अडकलेला असतो.’”

“असं म्हणतात?” बाई म्हणाल्या.

“रोज! घरी आले की पहिलं तेच. आज बाईंनी हे विचारलं, आज ते विचारलं. आणि ताई, तो मलम तुम्ही पाठवल्यापासून माझा गुडघा निम्मा हलका झालाय. ह्यांना रोज विचारता ना तुम्ही, ‘बायकोचा गुडघा कसाय?’”

बाईंनी पिशवीतली सपाट नळी काढून टेबलावर ठेवली. “विचारते की. न विचारून कसं चालेल?”

“पण डावा की उजवा, ते विसरता म्हणे!”

“वय झालं,” बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हे शब्द उच्चारले होते.

आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. खरं सांगावं, तर या बाईपुढे मास्तर उघडा पडणार. न सांगावं, तर न केलेल्या प्रेमाचं श्रेय खुर्चीत बसून खावं लागणार. बाईंनी लोकांचे शिव्याशाप पचवले होते. आभार पचवायची त्यांना सवय नव्हती. घशाशी येऊ लागले.

“आजी, चल, तू पाठवलेल्या सगळ्या बाहुल्या दाखवते.” पोरीनं बाईंचं बोट धरलं. विचारलंही नाही. बाईंचं बोट असं कुणी धरून कितीतरी दिवस झाले होते, त्यामुळे ते कसं सोडवायचं तेही त्यांना आठवेना.

खिडकीच्या फळीवर बाहुल्यांची रांग होती. बाई जवळ गेल्या आणि थबकल्या. निळ्या झग्याची, ती बँकेच्या पडद्यांची. पांढऱ्या पट्ट्यांची, ती दवाखान्याची. पिवळी, ती त्या भांडखोर गिऱ्हाइकाची, ज्यानं तीन वेळा रंग बदलला. सगळे झगे चिंध्या जोडून केलेले, बोटभर बोटभर तुकडे. टेबलाखाली पडतात, झाडून पोत्यात जातात, तसले. कारखान्याची एवढी वर्षं तिथे ओळीनं बसली होती आणि बाईंकडे टकामका बघत होती. चोरी! बाईंना आपल्याच शब्दाची शिसारी आली.

“ही सगळ्यात पहिली,” पोरगी म्हणाली आणि टोकाची एक काढून बाईंच्या हातात दिली. तपकिरी कापड, त्यावर बारीक फुलं. बाईंना चष्म्याची गरज पडली नाही. हे त्यांच्या स्वतःच्या घरचे पडदे. यजमानांनी निवडलेले. “दुकानात एवढे चांगले रंग, आणि हा मातकट काय उचललात!” म्हणून त्या दिवशी भांडण झालं होतं. पडदे लावायला मास्तरच घरी आले होते. पडदे अजून आहेत. भांडायला कुणी नाही.

“हिचं तोंड असं वाकडं का गं?” बाईंनी विचारलं.

“ही तूच आहेस! पडद्याआजी. आजोबा म्हणतात, ती सारखी ओरडते, पण आतून मऊ आहे. कापूस भरलाय.” पोरीनं बाहुलीचं पोट दाबून दाखवलं. “बघ.”

बाईंनी दाबून पाहिलं. होता खरा.

प्रकरण एवढ्यावर मिटलं असतं, तर बरं होतं. पण आतल्या खोलीतून एक उंचेला तरुण बाहेर आला आणि वाकून नमस्कार करून उभा राहिला. हा मास्तरांचा धाकटा.

“ताई, बरं झालं तुम्हीच आलात,” मास्तरांची बायको म्हणाली आणि तिचा आवाज खाली आला. “हा परदेशी जायचं म्हणतो. चांगली नोकरी आहे. माझं मन होत नव्हतं. दोन रात्री रडले. पण हे म्हणाले, बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, ‘खुशाल पाठवा. माझा मुलगा तिकडेच आहे. रोज फोन करतो. तासतासभर बोलतो. लांब गेल्यासारखं वाटतसुद्धा नाही.’ म्हटलं, तुमच्यासारख्या जाणत्या बाईचा अनुभव आहे, तर मग काय! उद्या तो होकार कळवणार आहे. तुमच्या शब्दावर.”

खोलीत सगळे बाईंच्या तोंडाकडे बघू लागले. बाहुल्यासुद्धा.

खोटं दुसऱ्यानं बोलावं आणि निस्तरायचं आपण, हे बाईंना नवं होतं. “हो, रोज फोन करतो,” एवढे तीन-चार शब्द टाकले की सुटका होती. बाईंचा ताठा शाबूत, मास्तरांची अब्रू शाबूत, पोरगा विमानात. आणि मग ही गुडघा धरून चालणारी बाई रोज फोनपाशी बसणार. पहिल्या आठवड्यात हसत. मग नुसती.

बाईंनी मान वर केली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पण बसल्या जागी पीळ थोडा सैल झाला.

“रोज करत नाही,” त्या म्हणाल्या. “ते मास्तरांनी वाढवून सांगितलं. माझं मन राखायला. रविवारी करतो. ‘कशी आहेस’ विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत ठेवतो.”

बाईंनी तरुणाकडे बोट रोखलं, कारखान्यात तिरक्या शिलाईकडे रोखतात तसं.

“तू जा. पोराला दाव्यानं बांधून कुणाचं भलं झालेलं नाही. पण एक ऐक. आईला ‘कशी आहेस’ विचारशील ना, तेव्हा थांब. ती आधी ‘बरी आहे’ म्हणेल. तरी थांब. त्यानंतर ती खरं सांगते. तेवढं थांबता येत नसेल, तर फोनच करू नकोस, तिला वाट तरी बघायला नको.”

“थांबेन,” तरुण हळूच म्हणाला.

“थांबलास नाही तर मला कळेल. मास्तर मला रोज सगळं सांगतात.”

त्याच वेळी दारात मास्तर येऊन उभे राहिले. काखेत हिरवी पिशवी, कपाळावर घाम. खुर्चीत बाई, बाईंच्या मांडीवर नात, नातीच्या मांडीवर वाकड्या तोंडाची बाहुली, आणि समोर बायको पदरानं डोळे टिपतेय. मास्तरांचा चेहरा दवाखान्याच्या पडद्यासारखा पांढरा पडला. आपलं सगळं खोटं एका खोलीत गोळा होऊन आपली वाट बघतंय, असं माणसाला क्वचितच दिसतं.

“बाई... मी... ते...”

“मास्तर,” बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, “गुडघा डावा की उजवा, ते मी आज पुन्हा विसरले बघा.”

मास्तरांनी दाराची चौकट धरली. “उजवा, बाई,” ते म्हणाले. “उजवा.”

मास्तरांच्या बायकोनं जेवून जाण्याचा फार आग्रह केला. पोरीनं तर बोट सोडलंच नाही. पण बाई उठल्या. “घरी वाट बघतात,” असं त्या सवयीनं म्हणाल्या. कोण बघतं, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर भिंतीचं नाव सांगावं लागलं असतं.

मास्तर जिन्यापर्यंत पोचवायला आले. पिशव्यांची अदलाबदल झाली. दोघंही आपापल्या पिशवीकडे बघत उभे राहिले. हिरव्याला हिरवी, ओळखायची कशावरून?

“काढून टाका मला, बाई,” मास्तर शेवटी म्हणाले. “चिंध्या न विचारता घेतल्या. आणि वर तुमच्या नावानं...”

“कशाला केलंत हे सगळं?”

“साहेब होते तेव्हा रोज विचारायचे. घरी जाऊन सांगायचो, आज साहेबांनी तुझं विचारलं. हिला फार बरं वाटायचं. घरात बसून असते हो, पायामुळे. आपलं नाव बाहेर कुणीतरी घेतं, एवढ्यानंच तिचा दिवस जायचा. साहेब गेल्यावर महिनाभर काही सांगितलं नाही. मग एक दिवस हीच म्हणाली, ‘आता कुणी माझं विचारत नाही वाटतं?’” मास्तरांनी खांदे पाडले. “तोंडातून निघून गेलं, बाईंनी विचारलं म्हणून. एकदा विचारलंत, मग रोज विचारावं लागलं तुम्हाला.”

“आणि मी म्हणे आतून मऊ.”

“पोरीसाठी म्हटलं, बाई. बाहुलीत दगड कसे भरणार?”

बाईंना हसू येत होतं. त्यांनी ते ओठ मुडपून आत दुमडलं, झालरीची कड दुमडतात तसं. “बरं. येते मी.”

त्या दोन पायऱ्या उतरल्या, तोच मास्तर वरून म्हणाले, “बाई, तुमच्या समोर राहतात त्या भेटल्या.”

बाईंचा पाय तिसऱ्या पायरीच्या वर अधांतरी थांबला.

“मी तुमच्या दाराशी उभा होतो, तर दार बोटभर उघडून म्हणाल्या, ‘कोण तुम्ही?’ म्हटलं, बाईंच्या कारखान्यातला मास्तर. तर दार सगळं उघडलं. म्हणाल्या, ‘अय्या, तुम्हीच का ते? दर रविवारी बाईंना जेवायला नेता ते? बाई सांगतात ना नेहमी, मास्तरांच्या घरचे ऐकतच नाहीत, मी गेल्याशिवाय पानावर बसत नाहीत म्हणून!’”

खालच्या दुकानात कुणीतरी सायकलचं चाक फिरवून सोडलं होतं. ते टकटक करत हळूहळू थांबलं. बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, हे एका परीनं बरंच होतं.

“मग?” त्या मागं न बघता म्हणाल्या. “काय सांगितलंत?”

“म्हटलं, हो, मीच तो. त्या म्हणाल्या, ‘काय काय बेत असतो?’ म्हटलं, साधंच असतं. बाईंना तिखट सोसत नाही, म्हणून त्यांच्यापुरतं वेगळं काढतो.”

बाई कठडा धरून, एकेक पायरी मोजल्यासारखी उतरत, खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर सगळे नेहमीसारखे जमले होते. मशीनवरच्या दोघी, इस्त्रीवाला, कड्या लावणारी, आणि कोपऱ्यात मास्तर, रात्रभर न झोपलेल्या तोंडाचे. पण दार अजून बंद होतं. रोज सगळ्यांच्या आधी येऊन दार उघडून आत बसणाऱ्या बाई आज समोरून सावकाश चालत येत होत्या. त्यांना बघून बोलणं कात्रीनं कापल्यासारखं थांबलं. चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्यानं आरी खाली ठेवली.

बाईंनी किल्ली कुलपाला लावली आणि फिरवली नाही. त्या वळल्या. एकेकाच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं. कुठून सुरुवात करावी ते कळेना, कारण यजमानांनी ते कधी शिकवलं नव्हतं आणि त्यांनीही कधी शिकून घेतलं नव्हतं. शेवटी त्यांची नजर मास्तरांवर येऊन थांबली.

“मास्तर,” बाई म्हणाल्या, “आपण अजून उंबऱ्याबाहेर आहोत ना?”

“आहोत, बाई.”

“मग विचारते. रविवारी किती वाजता यायचं?”

मास्तर धडपडून उभे राहिले. “कधीही या, बाई. बारापर्यंत... हिला सांगतो मी...”

“आणि ते वेगळं वगैरे काढू नका.” बाईंनी कुलूप उघडलं, चपला काढल्या आणि उंबऱ्यात एक पाय आत, एक बाहेर अशा क्षणभर थांबल्या. “मला तिखट चालतं.”